नारबाच्या आजोबांचा बिल्ला

एका बंदरगावात एक भोळा नारबा होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण ते सवडीनं भोळे असतात. नारबा बारा महिने भोळा होता. त्याला जे सांगावं ते तो करी. तेवढंच करी. आणि एकदा शिकलेलं तो कधी विसरत नसे, हीच खरी अडचण होती.

आम्ही त्याचे शेजारी. मधली भिंत कुडाची, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पुढचं सगळं असंच न ऐकता कळलेलं आहे.

घरात नारबा, त्याची द्वारकाआत्या आणि धाकटी बहीण शेवंती. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत प्रभाकर वर्तक बसायचा. शेवंती आठवड्यातून तीनदा लाँचचं तिकीट काढी आणि लाँच सोडून घरी परत येई. तेव्हा त्या दोघांचं ठरून वर्ष झालं होतं. ठरायचे राहिले होते ते प्रभाकरचे वडील, तात्यासाहेब.

तात्यासाहेबांना घराणं लागे. त्यांचे आजोबा गावच्या बंधुसभेचे अध्यक्ष होते आणि हे ते कोथिंबीर घेतानासुद्धा सांगत. बंधुसभा म्हणजे जुन्या काळची गुप्त मंडळी. सगळे एकमेकांना बंधू म्हणायचे, महिन्यातून एकदा बंगल्यात जमायचे आणि दार लावून घ्यायचे. आत काय चाले ते बायकांना कळत नसे, म्हणजे काही विशेष चालत नसणार. गाव त्याला कुजबुज बंगला म्हणे.

तर तात्यासाहेबांनी निरोप धाडला. तुमच्या आजोबांना सभेनं बिल्ला दिला होता म्हणतात, तो कशाबद्दल दिला ते रविवारी सांगा. मानाचा निघाला तर सुपारी फोडू, नाही निघाला तर चहा घेऊन जाऊ.

बिल्ला होता. आत्याच्या ट्रंकेत, तळाला, हिंगाच्या डबीत. पण तो कशाबद्दल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी आजीलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेवंतीनं जेवण सोडलं. आत्यानं नारबाला हाक मारली, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

"नारबा, बाबलशेट सोनाराकडे जा आणि बिल्ल्याबद्दल विचारून ये."

बिल्ला घेऊन जा असं काही ती म्हणाली नाही. नारबा हात हलवत गेला. अर्धा तास त्यानं वर्णन केलं. गोल आहे, काळा आहे, वर भोक आहे. शेवटी बाबलशेटनी विचारलं, की बाबा, तू करपलेल्या वड्याबद्दल तर बोलत नाहीस ना. मग ते म्हणाले, "अरे, गोष्ट तोंडानं सांगून कळत नाही. दाखवावी लागते."

नारबानं हे मनात ठेवलं. घरी येऊन बिल्ला नेला. तो काळाकुट्ट. बाबलशेट वैतागले. म्हणाले, जुनी वस्तू अशी दाखवतात होय? आधी चिंच लावून चांगली खसाखसा घासावी, मग दाखवावी.

नारबानं हेही मनात ठेवलं. बिल्ला घासला. काळ्याखालून कोरलेलं बंद दार निघालं, दारापुढे उभा एक माणूस निघाला. बाबलशेट म्हणाले, पितळ आहे, सभेचंच आहे, पण कशाबद्दल ते मला कळत नाही. तुमच्या भिंतीवर सभेचा जुना फोटो आहे ना, तो मोघे फोटोवाल्यांना दाखव. कुणाच्या छातीवर कुठला बिल्ला आहे ते बघून ते सांगतील.

बरोबर सल्ला. शहाण्याला दिला असता तर कामी आला असता.

शुक्रवारी सकाळी नारबानं फोटो उतरवला. काचेतून बाहेर काढला. जुनी वस्तू होती, दाखवायची होती. त्यानं चिंच भिजवली आणि चांगला खसाखसा घासला. आधी पगड्या गेल्या, मग मिशा गेल्या, मग आजोबा गेले. मोघ्यांच्या हातात फोटो पडला तेव्हा त्यात चौदा जोडे आणि एक कुत्रा शिल्लक होता.

मोघ्यांनी फोटो उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग डोळे पुसून म्हणाले, "नारबा, जुनी वस्तू नाजूक असते. मऊ कापडात गुंडाळावी. पुढून-मागून पुठ्ठा लावावा, सुतळीनं बांधावी, आडवी न्यावी. आणि काही झालं तरी दुमडू नये."

नारबानं मान डोलावली. हे तर त्यानं पाठच केलं. येताना चार वेळा मोठ्यानं म्हटलं, म्हणून मलाही पाठ आहे.

घरी आत्या कपाळाला हात लावून बसली. शेवंती चौदा जोड्यांकडे बघत होती. मग आत्याला आठवलं की सभेतला एक माणूस अजून आहे. मशिदीमागचे एझ्राकाका. सभेत सगळ्यात तरुण तेच होते, आता नव्वदी ओलांडली होती. आत्या म्हणाली, "त्यांना घेऊन ये नारबा. पण जपून हो. फार जुने आहेत, नाजूक झालेत."

इथे तिनं थांबायला हवं होतं असं नाही. इथे तिनं स्वतः जायला हवं होतं.

शनिवारी दहाच्या सुमारास बाजारातून एक हातगाडी आली. गाडीवर गोधडीची लांबलचक वळकटी. पुढून बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, मागून साबणाच्या खोक्याचा. वर सुतळी. लोकांनी टोप्या काढल्या, दुकानदार उठून उभे राहिले. वळकटीतून एझ्राकाका प्रत्येकाला "कसं काय, बरं आहे ना" विचारत होते. दोन बायका ओरडल्या. त्यातली एक मी.

"नारबा, मला बसू दे रे," एझ्राकाका म्हणत होते.

"दुमडायचं नाही," नारबा म्हणत होता.

आत्यानं सुतळी सोडली, पाया पडली, गरम पाणी दिलं. एझ्राकाका मोठ्या मनाचे. म्हणाले, इतक्या वर्षांत इतकं निजून कुठे गेलो नव्हतो. मग त्यांनी बिल्ला डोळ्यांशी नेला आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. मी भिंतीला नुसती टेकले होते.

हकीकत अशी. आजोबा सभेचे दारवान बंधू होते. सभेचा एक खुणेचा शब्द असे. अध्यक्षांनी आजोबांना बजावलं होतं, की जो शब्द सांगणार नाही त्याला आत सोडू नकोस, मग तो कुणीही असो. एका संध्याकाळी खुद्द अध्यक्षच शब्द विसरले. म्हणजे तात्यासाहेबांचे आजोबा. दारात उभे राहून त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, अरे गाढवा, मी अध्यक्ष आहे, सरक. आजोबा म्हणाले, "कुणीही असो, असं तुम्हीच सांगितलंय." आणि अध्यक्षांना बखोटीला धरून उचललं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या सुकटीच्या पाटीत नेऊन ठेवलं.

सभेपुढे पेच पडला. आजोबांना काढावं तर त्यांनी हुकूमच पाळलेला. न काढावं तर अध्यक्षांच्या अंगाचा वास महिनाभर जाईना. शेवटी सभेनं त्यांना बिल्ला दिला. आज्ञा जशीच्या तशी पाळल्याबद्दल. आणि सगळ्यांनी शपथ घेतली की हे बाहेर बोलायचं नाही.

तेव्हा हे रक्तातलंच होतं. फक्त पूर्वी त्याला बिल्ले मिळत.

आत्यानं बिल्ला पदराखाली झाकला. तात्यासाहेबांना हे सांगायचं कसं? शेवंती रडू लागली. एझ्राकाकांनी तोड काढली. म्हणाले, काही सांगूच नका. सभेची शपथ आहे म्हणा. आत्यानं नारबाला पुढ्यात बसवलं आणि तीन वेळा सांगितलं, "हे घरातल्या घरात ठेवायचं. परक्या माणसाला सांगायचं नाही."

रविवारी तात्यासाहेब आले. बरोबर प्रभाकर, आणि जरीची टोपी. आळीतले आम्ही पाचसहाजण होतो. मला आत्यानं पोहे करायला बोलावलं होतं, म्हणजे मीच गेले होते.

नारबाच्या छातीवर बिल्ला चकाकत होता. तात्यासाहेबांनी विचारलं, कशाबद्दल मिळाला? नारबानं बिल्ल्यावर हात ठेवला. पुन्हा विचारलं. नारबा म्हणाला, "परक्याला सांगायचं नाही." आत्यानं घाईनं शपथेचं सांगितलं.

तात्यासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, माझे आजोबाही असेच. सभेतून एके दिवशी फार उशिरा, फार वेगळेच होऊन घरी आले. काय झालं ते मरेपर्यंत बोलले नाहीत. ज्याची वाच्यता करायची नाही असा बिल्ला म्हणजे साधा मान नव्हे. फोडा सुपारी.

सुपारी फुटली. पेढे वाटले. शेवंतीनं दाराआडून माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. सगळं इथेच संपलं असतं. पण तात्यासाहेबांना आनंद झाला होता, आणि आनंद झाला की माणूस जास्त बोलतो. नारबाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "आता आम्ही परके नाही हो. आजपासून एका घरातले."

नारबानं विचारलं, "नक्की?"

"नक्की म्हणजे काय. सुपारी फुटली."

मग नारबानं सांगितलं. काही गाळलं नाही. सुकटसुद्धा.

खोलीत पोहे चावल्याचा आवाजही बंद झाला. तात्यासाहेब लालेलाल झाले. म्हणाले, साफ खोटं. माझे आजोबा अडीच मणाचे होते, त्यांना असं उचलून नेणं शक्य तरी आहे का?

नारबाला बाबलशेट आठवले. गोष्ट तोंडानं सांगून कळत नाही. मग त्याला मोघेही आठवले, कारण तात्यासाहेब साठीचे होते, म्हणजे बऱ्यापैकी जुने. त्यानं खुंटीवरची गोधडी काढली, तात्यासाहेबांना तीत नीट गुंडाळलं, आडवं उचललं, न दुमडता रस्त्यापलीकडे नेलं. पाटी आता तिथे नसते. सखूबाई कोळणीची टोपली असते. तिच्यात बोंबील होते.

परत येऊन त्यानं दार लावून घेतलं आणि दारापुढे उभा राहिला. बिल्ल्यावर होता तसाच.

तात्यासाहेब बाहेरून गरजले. लग्न मोडलं, माझ्या मुलाला बाहेर पाठवा. प्रभाकरला कुणी धरून ठेवलं नव्हतं. पण त्यानं जरा विचार केला आणि मला म्हणाला, "काकू, आणखी थोडे पोहे आहेत का?"

तो अजून आतच आहे. लग्न अंगणात झालं. परवा त्यांच्या मुलीचं बारसं होतं. तात्यासाहेब राग विसरून आले, हातात चांदीचा वाळा, बरोबर झबलं. ओट्यावर नारबा उभा होता. आत्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, की आज घरात गर्दी आहे, दाराशी उभा राहा.

"खुणेचा शब्द," नारबा म्हणाला.

तात्यासाहेब इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अरे, नातीला बघायचंय रे मला. काय तो शब्द, तूच सांग. मी म्हणतो."

"मला कुठे ठाऊक?" नारबा म्हणाला. "आजोबांनी कुणाला सांगितलाच नाही."