खंडेनवमीचं लाल बटण

"आता आणखी काय करायचं राहिलंय, मास्तर? तुम्हीच सांगा!"

प्रणोती तोडकर उभ्या उभ्याच विचारत होती. आयटीआयच्या टर्नर शॉपची ती नवी निदेशक. तिथल्या सुरक्षेची जबाबदारीही तिच्याच गळ्यात.

हणबर मास्तर ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. अर्ध्या तालुक्याला लेथवर लोखंड कातायला शिकवलेला माणूस. निवृत्त झाले तरी पोरं त्यांच्या पाया पडल्याशिवाय यंत्राला हात लावत नसत.

"तक्ते लावले. गॉगल दिले. भांडून भांडून प्रत्येक लेथला लाल बटण बसवून घेतलं. दाबलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. तरी गेल्या महिन्यात सतीशची बाही आत ओढली गेली, मनगट मोडलं. बटण हाताशी होतं, मास्तर! सगळा वर्ग नुसता बघत उभा."

"का?"

"म्हणे, शॉपमधल्या जुन्या सरांनी लावून दिलेलं काम. मध्ये कसं बोलायचं? … आता प्राचार्य म्हणतात, आणखी एक अपघात झाला की शॉपला कुलूप. मग या पोरांनी जायचं कुठं?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"तुझ्या शॉपमध्ये आवाज कमी आहे."

"कमी? तिथं माझं मला ऐकू येत नाही!"

मास्तर हसले. …आणि बशी पुन्हा तोंडाला लावली.

म्हातारी माणसं! प्रणोती पाय आपटत निघाली. सरळ उत्तर दिलं तर यांचं जणू पुण्यच सरतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लेथ धुऊन पुसून हळदीकुंकवानं सजले होते. पूजा म्हणून सगळ्यांनी बूट-चपला दाराबाहेर काढलेल्या. झाडून घेतलं होतं, तरी फरशीच्या फटींत लोखंडाचा कीस चमकत होता.

मुहूर्ताचं यंत्र दरवर्षी मास्तरांनीच सुरू करायचं. प्राचार्यांनी त्यांच्या गळ्यात रेशमी उपरणं घातलं. नारळ फुटला. पोरांनी हात जोडले.

मास्तरांनी लेथ सुरू केला आणि ते वाकले.

उपरण्याची टोकं लोखंड पकडून गरगरणाऱ्या चकावर लोंबायला लागली.

प्रणोतीनं पाऊल उचललं. पण मास्तर आहेत… त्यांना कळत असेल. एवढ्या लोकांत, ऐन पूजेत…

तिनं समोर पाहिलं. सगळी पोरं उपरण्याकडंच बघत होती. सगळ्यांचे हात जोडलेले. सगळ्यांची तोंडं बंद.

ती झेपावली. लाल बटणावर तळहात आदळला.

"उपरणं काढा! आधी काढा ते, मास्तर!"

लेथ गप्प झाला.

"तोडकर!" प्राचार्य पुढं आले. "ऐन मुहूर्तावर यंत्र बंद? अपशकुन नुसता! पाया पड मास्तरांच्या, माफी माग!"

"हात गेला असता त्यांचा. मग कुणाच्या पाया पडला असता तुम्ही?"

मास्तरांनी उपरणं काढलं, नीट घडी केली आणि प्रणोतीच्या हातात दिलं.

तिची मान ताठ झाली.

"मॅडम…" मागून गोदावरी पुजारीचा बारीक आवाज आला. वर्षभरात ही पोरगी हजेरीला "हजर" सोडून काही बोलली नव्हती. "मॅडम, तुम्ही अनवाणी आहात. खाली कीस आहे."

प्रणोतीनं गर्रकन वळून पाहिलं. चार तिखट शब्द ओठांवर आलेच होते. …मग तिला हसू फुटलं. "शाब्बास गं पोरी!" म्हणत ती दाराशी गेली आणि जरीच्या साडीखाली सेफ्टी बूट चढवून परत आली.

तेवढ्यात बांध फुटला.

"ए विक्या, अंगठी काढ की!"

"तुझी बाही बघ आधी, शहाण्या!"

"सुमे, वेणी बांध! आणि हो, मी पण अनवाणीच, ढकलू नका रे, बूट घालू द्या!"

लेथ बंद होते, तरी पत्रे दणाणत होते. असला गोंगाट त्या शॉपनं कधी ऐकला नव्हता.

प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. "ऐकताय ना, मास्तर? ही कसली शिस्त? आज ही तुमच्यावर ओरडली, उद्या ही पोरं माझ्यावर ओरडतील!"

मास्तरांनी प्राचार्यांच्या उघड्या पावलांकडं पाहिलं. …मग पोरांकडं.

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं, साहेब?"