काठावरून मारलेला शिक्का

पूल बांधायची विद्या अजून तिकडे पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. पैलतीरावरच्या बाजाराला जायला गावाला एकच होडी. होडी एका सधन माणसाची, पण जीव बसणाऱ्यांचा. म्हणून पंचांनी नियम केला होता: दरवर्षी पावसाळा ओसरला की जाणत्या सुताराने होडी उपडी घालून फळीन् फळी ठोकून पाहायची, आणि धड असली तरच तिच्यावर शिक्का मारायचा.

हे काम वर्षानुवर्षं एक म्हातारा सुतार करी. त्याची नजर अधू झाली, तशी त्याची लेक करू लागली.

पहिल्याच दिवशी ती काठावर गेली, तर होडी पाण्यातच. ताज्या डांबराने काळीभोर.

"काका, होडी वर काढा."

मालक हसला. "पोरी, तुझ्या बापाने कधी काढायला लावली नाही. इथेच गूळ-पाणी घ्यायचा आणि शिक्का मारायचा."

"आटप की गं! भाजी सुकतेय!" बाजाराला निघालेले लोक ओरडले.

तिची कानशिलं तापली. "होडी वर आल्याशिवाय शिक्का पिशवीतून निघणार नाही!"

शेवटी चौघांनी होडी ओढून उपडी घातली. ती एकेक फळी ठोकत गेली. तळाशी एक फळी भद्द वाजली. तिने पटाशीचं पातं टेकवलं, ते मुठीपर्यंत आत गेलं. डांबराखाली नुसता भुसा होता.

मालक खालच्या आवाजात म्हणाला, "आजचा बाजार होऊ दे. उद्या बदलतो. माझा शब्द आहे."

"तुमच्या शब्दावर कोण चढतं, काका? लोक शिक्का बघून चढतात!"

एवढ्यात काठी टेकत बाप तिथे आला. ती गर्रकन वळली. "बाबा, गेल्या वर्षी ही फळी पाहिली होती तुम्ही?"

"मालक म्हणाले, नवी आहे. एवढा भला माणूस…"

"मग शिक्काही त्यांनाच मारू द्यायचा होता! बायका लेकरं कडेवर घेऊन तुमच्या भरवशावर नदीत जात होत्या, बाबा!"

बापाने मान खाली घातली.

तिने पाटीवर लिहिलं, 'सगळ्या फळ्या ठोकून पाहिल्या. तळाची एक कुजली आहे. होडी बसण्याजोगी नाही.' पाटी काठावरच्या झाडाला ठोकली. बाजार बुडाला, लोकांनी तिला शिव्या घातल्या. पण पंचांपैकी एकाने त्या फळीत बोट घातलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग लोक टोपल्या उचलून घरी परतले.

नऊ दिवसांनी नवी फळी बसली. तिने होडी पुन्हा पहिल्यापासून ठोकून पाहिली. बापाने होडीवरचा आपला जुना शिक्का तासून काढला, तेव्हा तिने नवा मारला.

एका म्हातारीने विचारलं, "आता बुडणार नाही ना गं?"

"नदीची हमी मला देता येत नाही, आजी. पण जेवढं तपासता येतं तेवढं मी माझ्या हातांनी तपासलंय."

म्हातारीने लुगडं सावरलं आणि होडीत पाय ठेवला.

तात्पर्य: तपासणाऱ्याने मालकाच्या शब्दावर 'ठीक आहे' म्हणणं, हा आपल्यावर विसंबणाऱ्यांचा विश्वासघातच होय.