राजाची तीन कार्डं आणि येसू परटीण

राजवाड्याचं धुण्याचं बिल पाच महिने थकलं होतं. तिजोरीत पैसा नव्हता म्हणून नव्हे! ते कोणत्या कार्डाने भरावं हे महाराजांचं ठरत नव्हतं म्हणून!

चंडप्रताप महाराजांकडे तीन सावकारांची तीन कार्डं होती. गुलाबशेटचं तांबडं, झुंबरशेटचं निळं आणि तोलाशेटचं सोनेरी. कार्ड दाखवलं की दुकानदाराचे पैसे सावकार भरी, महाराजांच्या नावावर बक्षिसाचे पॉइंट मांडी आणि महिनाअखेरीला सगळं महाराजांकडून वसूल करी. उशीर झाला तर व्याजासकट. व्याजाकडे महाराज ढुंकून बघत नसत. जीव सगळा पॉइंटांवर! तांबड्यावर तेलातुपाला दुप्पट पॉइंट, निळ्यावर दूधभाजीला तिप्पट आणि सोनेरीवर हत्तीच्या चाऱ्याला चौपट. राजवाड्यातला हत्ती कधीचा मेला होता, पण चारा येतच होता. चौपट पॉइंट कोण सोडणार?

बरं, या पॉइंटांचं मिळालं काय? चार दिवसांच्या वाटेवरच्या बंदरात, तोलाशेटच्या विश्रामगृहात, बशीभर उपमा! महाराज पालख्या, घोडे आणि शंभर माणसं घेऊन गेले, उपमा चापला आणि "फुकट मिळाला, फुकट!" म्हणत परत आले. खर्चाचा आकडा सांगायची दिवाणजींची छाती झाली नाही. अशा माणसाला लोक मुजरे करत. करतात काय, राजा होता ना!

धुण्याच्या बाबतीत मात्र तिन्ही सावकार आपलंच कार्ड भारी म्हणून ओरडत, आणि महाराज तिघांच्या तोंडाकडे बघत बसत. इकडे महाराजांचे अंगरखे धुणाऱ्या येसू परटिणीच्या घरात पिठाचा डबा रिकामा झाला. शेवटी ती तडक दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, माझे पैसे द्या!"

"देतो ना! पण कोणत्या कार्डाने?" महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे राज्यातलं सगळ्यांत अवघड कोडं आहे, बाई!"

"कोडं तुम्हाला, उपास आम्हाला! हे बरं हाय!"

दरबार चपापला. महाराजांचं नाक लाल झालं. "एवढी शहाणी आहेस? मग तूच निवड कार्ड! पण ऐक, दुसऱ्या कार्डाने रतीभर जरी जास्त फायदा होत असला, तर तुझी दोन्ही गाढवं जप्त, आणि पाच महिन्यांचं धुणं फुकट!"

गाढवं गेली तर घाटावर धुणं न्यायचं कशावर, आणि खायचं काय? पण येसूने पदर खोचला. "आणि दुसरं कुठलंच कार्ड जास्त देत नसलं तर?"

"तर पैसे रोख, वर इनाम!"

हुजऱ्याने चांदीच्या तबकात तिन्ही कार्डं आणली. येसूने बघितलंसुद्धा नाही. हात घातला, जे लागलं ते उचललं. तांबडं!

गुलाबशेट मिशीत हसला. बाकीचे दोघे ताडकन उठले.

"चूक! साफ चूक!" झुंबरशेट ओरडला. "धुण्याला माझं निळं कार्ड दुप्पट पॉइंट देतं!"

"आणि माझं सोनेरी तिप्पट!" तोलाशेट त्याच्यावर ओरडला. "करा गाढवं जप्त!"

शिपाई निघालेच. येसूने हात वर केला. "थांबा! शेटजी, तुमचा एक पॉइंट म्हंजे किती पैसे?"

"एक पॉइंट म्हणजे खणखणीत एक रुपया!" झुंबरशेट म्हणाला.

"माझा दीड रुपया!" तोलाशेट म्हणाला. "सोन्याहून पिवळा!"

"महाराजांपाशी तुमचे असे किती पॉइंट हायेत?"

"लाखांनी!" दोघे एका सुरात गरजले.

"आणि तुमचं महाराजांकडून येणं किती?"

"तेही लाखांनीच," दोघे जरा हळू म्हणाले.

"मग झालं की! तुमचं येणं आत्ता, हितंच, तुमच्याच पॉइंटांत घ्या. एकाचा रुपयाला, दुसऱ्याचा दीड रुपयाला, तुमच्याच भावानं! मग मी कबूल करते की तुमचं कार्ड भारी. घेऊन जा गाढवं!"

झुंबरशेटला अचानक खोकला सुटला.

"पॉइंट म्हणजे काय पैसे आहेत होय?" तोलाशेट पुटपुटला. "ते घेऊन मी बाजारात काय करू? मला रोकड लागते, रोकड!"

"ऐकलंत, महाराज? देणाऱ्यालाच आपलं देणं परत नको! म्हंजे धुण्याला निळं देतं शून्य, आणि सोनेरी देतं तिप्पट शून्य!"

गुलाबशेट खो खो हसायला लागला. येसू त्याच्याकडे वळली. "तुम्ही कशाला हसताय, शेटजी? तुम्ही घेता का तुमचे?"

गुलाबशेटचं हसू जागच्या जागी विरलं. त्याने खाली मान घातली.

"बघा! तांबडंही शून्यच. पण याच्याहून रतीभर जास्त देणारं एकही कार्ड या दरबारात नाही. मी बरोबर निवडलं, महाराज. पैसे रोख मोजा!"

महाराज आधी तिच्याकडे बघत राहिले, मग सावकारांच्या पडलेल्या तोंडांकडे. मग त्यांना असं हसू फुटलं की मुकुट कानावर आला. दिवाणजींनीही कित्येक महिन्यांनी मनापासून हसून घेतलं.

"दिवाणजी, हिचे पाच महिन्यांचे पैसे रोख द्या!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि बाई, तुला इनाम म्हणून ही तिन्ही कार्डं दिली! सोनेरीसुद्धा!"

येसू दोन पावलं मागे सरली. "महाराज, इनाम कबूल केलं व्हतं तुम्ही! शिक्षा कशापायी?"

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं.