सागाची गुळगुळीत चौकट

एक होतं गाव. तिथं घरं बांधणारे पुष्कळ, पाडणारा मात्र एकच. तो बकुळाचा बाबा. गंमत बघा, इतकी दारं-खिडक्या त्याच्या हातून गेल्या, पण त्याच्या स्वतःच्या खोपटाला दार नव्हतं. नुसतं पोतं लोंबायचं. वारा आत यायचा, कुत्री आत यायची आणि धाकट्या चिंगीचा खोकला काही जायचा नाही.

एकदा बाबानं एक जुना बंगला पाडला. बागेत पारिजातकाखाली कौलांचे, विटांचे ढीग लागले. बकुळा भारी गुणी पोर. विटांचा चुना खरवडून झाल्यावर तिनं सागाची एक चौकट घेतली आणि पॉलिश पेपरनं अशी घासली, अशी घासली, की लाकूड अगदी गुळगुळीत! मळ, रंग, पेन्सिलीच्या रेघोट्या, सगळं साफ. जुना माल असाच चकाचक करायचा, हे तिला बाबानंच शिकवलं होतं.

शेजारी लाल-निळ्या काचांचं एक दार पडलं होतं. बकुळानं निळ्या काचेवरची धूळ फ्रॉकनं पुसली आणि आतून टुणकन एक इवलीशी परी बाहेर आली! मोरपिशी पंख, चंदेरी झगा, तांदळाच्या दाण्याएवढी पावलं.

“किती वर्षांनी उजेड दिसला गं!” परी म्हणाली. “माग काहीतरी. पण एकदाच हं, आणि या बंगल्याच्या सामानातलंच. सांगशील त्या घराला बसवून देईन.”

बकुळा चौकट आणि दार मागणार, एवढ्यात फाटकातून एक आजी आल्या. बंगला त्यांच्या माहेरचा. त्या थेट चौकटीपाशी गेल्या. त्यांचा हात लाकडावरून वर गेला, खाली आला.

“बाळ, इथं पेन्सिलीच्या रेघा होत्या. माझ्या भावाची उंची. दर वाढदिवसाला आई आखायची. सात रेघा. आठवी आखायला तो राहिलाच नाही.”

बकुळानं बोटांना लागलेल्या भुशाकडे पाहिलं. गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

“आजी, त्या मीच घासल्या. मला वाटलं, घाण आहे.”

आजी पदरानं चौकट पुसू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“परी, त्या रेघा परत आण ना!”

“पुसलेलं या सामानात कुठं आहे, राणी? ते नाही गं येत मला.” परीचेही डोळे भरले.

“मग ही चौकट आजींच्या घरी बसव.”

“आणि चिंगीचा खोकला?” परीला घरचं सगळं ठाऊक होतं.

“पोतं दुहेरी लावीन,” बकुळा म्हणाली. तिला रडू येत होतं.

चौकट अलगद उचलली गेली आणि फुलपाखरासारखी तरंगत निघाली. आजींनी जाताना बकुळाच्या डोक्यावरून हात फिरवला.

“माझं दार मात्र तुझं,” परी हळूच म्हणाली. “हे तू मागितलं नाहीस, मी देतेय.” आणि सोनेरी उजेडात ती विरघळून गेली.

बकुळा आणि बाबा घरी जाऊन बघतात तो काय, खोपटाला रंगीत काचांचं दार! चिंगीचा खोकला पळाला. लाल-निळ्या उजेडात ती गिरक्या घेऊ लागली.

बकुळा आता मोठी झाली आहे. कुठलंही जुनं लाकूड आलं, की घासायच्या आधी ती बोटांनी चाचपते. बारीकशी रेघ दिसली, तरी कुणाची म्हणून विचारून येते. पण त्या सात रेघांमधली पहिली केवढी होती आणि सातवी केवढी, ते आता कुणालाच माहीत नाही.