झोक्याला तेल

एकदा एक शिष्या होती आणि ती गुरूपेक्षा शहाणी होती. निदान तिला तसं वाटायचं. ती मीच, म्हणून खात्रीने सांगते.

आमच्या बागेत उपासनी सर सकाळी ध्यान शिकवतात. वर्ग भरतो तो नेमका मुलांच्या झोक्याशेजारी. झोका इतका कुरकुरायचा की डोळे मिटले तरी मला त्याच्या कड्याच दिसायच्या. मग मी फोनवर आवाज मोजून पाहिला. आकडा चढायचा तो रस्त्यावरच्या बसने आणि हॉर्नने. झोका त्यात जेमतेम. तरी बसचा राग येत नसे, झोक्याचा येई. वर्ग जरा लांब न्या, असं मी सरांना सुचवून पाहिलं. ते नुसते हसले.

सर रोज आपल्या पत्नीला, म्हणजे काकूंनाही, बरोबर आणत. बागेत सगळे झाडांकडे तोंड करून बसतात. सर मात्र काकूंची खुर्ची झोक्याच्या अगदी जवळ मांडत, पण झोक्याकडे पाठ आणि तोंड भिंतीकडे. काकूंना हल्ली फारसं काही आठवत नाही. मला वाटायचं, बिचारीला रोज भिंत काय दाखवतात!

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी शिलाई मशीनचं तेल नेलं आणि दोन्ही कड्यांत मनसोक्त ओतलं. झोका गप्प. मी प्रसन्न.

सोमवारी झोक्यावर एक मुलगी उंच उंच जात होती, अगदी बिनआवाज. आमचे डोळे मिटलेले. इतक्यात काकू उठल्या.

"निमू कुठे गेली? इथेच खेळत होती ना?"

त्या झुडपांत बघायला लागल्या, मग पाण्याच्या टाकीमागे. सरांनी हाताला धरून आणलं, की पुन्हा उठायच्या. शेवटी रडायला लागल्या.

त्या जरा निवल्यावर सर माझ्याजवळ आले. बाटली माझ्या पिशवीतून डोकावतच होती.

"निमा आमची मुलगी. सहा वर्षांची असताना तापाने गेली. हिच्या लक्षात ते राहिलेलं नाही. झोका वाजत असला की निमू खेळतेय असं समजून स्वस्थ बसते. वळून पाहिलं तर दुसऱ्याचं मूल दिसेल, म्हणून पाठ." मग म्हणाले, "तुमच्या फोनने आवाज मोजला, तो बरोबरच असेल. त्या आवाजात कोण आहे, ते त्याला कसं कळणार?"

मी ओढणीने कड्या पुसत राहिले. तेल केव्हाच आत मुरलं होतं.

"सर, आता काय करायचं?"

सरांनी मान वर करून दोन्ही कड्या नीट पाहिल्या.

"पावसाळ्यात गंजतील," ते म्हणाले. "तेल चांगलं आणलंत तुम्ही."