मामासाहेबांची बिनमालकाची कम्युनिटी

“रविवारपर्यंत दालन भरलं नाही, तर शार्दूलला मोंबासाच्या गोदामात पाठवतो, सिमेंटच्या पोत्यांवर बसायला! आणि त्याची बायको? तिला काय, ती इथे गप्प बसते, तिथेही गप्प बसेल!”

मामासाहेब फोनवर बोलत होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. ट्रे धरलेल्या सुनेलाही कान असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मामासाहेब कारखानीस म्हणजे शार्दूलचे सख्खे मामा आणि आमचे अन्नदाते. केनियात सिमेंट विकून मोठे झालेले. लोक दुबईहून खजूर आणतात, हे ब्लॉकचेन घेऊन आले. किसुमूत काचेचं दालन बांधलं. बाहेर फाटक, फाटकावर पहारेकरी, ओळखपत्र, अंगठ्याचा ठसा, बॅगेची झडती. आत भिंतीवर मोठी पाटी : ‘इथे कुणी मालक नाही.’ खाली मामासाहेबांची सही.

मी चहा घेऊन आत गेले. शार्दूल आणि अपियो समोर उभे होते. अपियो इथलीच, लुओ जमातीची मुलगी, स्वतः डेव्हलपर. आफ्रिकेतल्या डेव्हलपरांची कम्युनिटी वाढवायला तिला शार्दूलच्या हाताखाली नेमलं होतं.

“ब्लॉकचेन म्हणजे काय?” मामासाहेबांनी टेबलावर थाप मारली. “नोंद सगळ्यांकडे, हुकूम कुणाचाच नाही! म्हणून माझा हुकूम ऐका. डेव्हलपर माझ्या छपराखाली जमले पाहिजेत. आपणहून! बोलावणं नाही, फुकट जेवण नाही.”

मागे एकदा बिर्याणी ठेवली होती. दालन भरलं, बिर्याणी संपली, दालन रिकामं झालं.

“आणि मी आलो की सगळे उभे दिसले पाहिजेत!”

“मालकच नाही, तर उभं कुणासाठी राहायचं, सर?” अपियोने विचारलं.

“माझ्यासाठी!”

बाहेर आल्यावर शार्दूल पायरीवर मटकन बसला. “अहो, असं काय करता?” मी म्हटलं. घरी मी त्याला शार्दूलच म्हणते. ‘अहो’ मामासाहेबांच्या आवारापुरतं. लग्नाआधी त्याने मला इथल्या सरोवराचे फोटो पाठवले होते. पोत्यांचा एकही नव्हता.

मी अपियोकडे वळले. “तू संध्याकाळी लगबगीने कुठे जातेस?”

“आतिएनोबाईंच्या टपरीवर, शेमेजी.” शेमेजी म्हणजे इथली वहिनी. “चपाती आणि उसळ खायला. बाकीचेही असतात.”

“बाकीचे कोण?”

“डेव्हलपर.”

शार्दूलने मान वर केली. “अगं, मग तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कम्युनिटी मागत होता,” अपियो म्हणाली. “ती कम्युनिटी नाही. ते आम्ही आहोत.”

त्या संध्याकाळी मी तिच्यासोबत गेले. बसस्टँडमागे टपरी, दोन बाकं, लॅपटॉप आणि कडाक्याचं भांडण. भांडण कुणाच्या तरी प्रोग्रॅममधल्या चुकीवरून होतं. तिथला रिवाज मला फार आवडला : नव्या माणसाने आधी आपली एक चूक सगळ्यांसमोर मांडायची. सगळे मिळून ती पुन्हा घडवून तपासणार, मग त्याला बाकावर जागा. तोवर उभं राहायचं. आतिएनोबाई चपाती लाटता लाटता पंचाचं काम करत होत्या.

रविवारी मामासाहेबांना आम्ही गाडीतून थेट तिथेच नेलं.

“हे काय? माझं दालन कुठंय?”

मी शार्दूलच्या कानात कुजबुजले. तो मोठ्याने म्हणाला, “मामा, तुम्ही ‘माझ्या छपराखाली’ म्हणाला होतात. वर बघा!”

वर ताडपत्री होती. कुणीतरी जुनी जाहिरात उतरवून छपरासारखी ताणलेली. तिच्यावर ‘कारखानीस सिमेंट’ आणि मामासाहेबांचा हसरा चेहरा, मिशीच्या जागी थोडा फाटलेला.

“हं! यांना बोलावलं कुणी?”

“कुणीच नाही,” अपियो म्हणाली. “चपातीसुद्धा ज्याची तो विकत घेतो.”

“आणि मी आल्यावर उभे?”

मी पुन्हा कुजबुजले. शार्दूल म्हणाला, “बाकं दोनच आहेत, मामा. निम्मे लोक तुमच्या आधीपासून उभे आहेत!”

मामासाहेब गुरगुरले आणि बाकाकडे निघाले. आतिएनोबाईंनी लाटणं आडवं धरलं.

“आधी चूक!”

“मी कारखानीस आहे!”

“ती नंतर तपासू. दुसरी सांगा.”

शार्दूलने डोळे मिटले. मला समोर गोदाम दिसू लागलं. मामासाहेबांनी लाटणं हाताने बाजूला सारून पाहिलं; ते हललं नाही. मग घसा खाकरून म्हणाले, “मी... दालन बांधलं. पण कुणाला हवंय का, ते विचारलंच नाही.”

मागून एका मुलीने गंभीरपणे विचारलं, “ही चूक पुन्हा करून दाखवता येईल?”

“रोजच करतो, बाई!” मामासाहेब बोलून गेले, आणि सगळी टपरी हसली. मग मामासाहेबही हसू लागले, इतके, की त्यांना ताडपत्रीच्या खांबाला धरावं लागलं. आतिएनोबाईंनी लाटणं बाजूला घेतलं आणि मामासाहेब बाकावर ऐसपैस बसले.

“शार्दूल, मोंबासा रद्द! अपियो, उद्या ते फाटक काढून टाक. किल्ल्या तुझ्याकडे, दालनाचं काय करायचं ते हे लोक ठरवतील.” डोळे पुसत ते माझ्याकडे वळले. “आणि कानात कुजबुजणाऱ्या सूनबाई! डोकं कुणाचं चाललंय, ते कळलं मला. माग, काय हवं ते माग!”

शार्दूलने सवयीने कान पुढे केला. मी तो हळूच बाजूला सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“जरा सरकून बसा, मामासाहेब. तुमच्या मागे रांग आहे!”