लाभाचे सूप

एका राज्यात हिरण्यसेन नावाचा राजा होता. डोंगरांच्या कुशीत राज्य, मधून नदी, दोन्ही काठांना काळीभोर जमीन. त्या राज्याची एक जुनी रीत होती. सुगीला खळ्यावर धान्याची रास पडली की मापाला मुक्याने, एक शब्दही न बोलता, सुरुवात व्हायची. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणत. तो लाभ मोजायचा नाही, सुपाने उचलायचा आणि ज्यांना शेत नाही त्यांच्या पदरात घालायचा. साळी, कुंभार, दोर वळणारे, नावाडी, सगळे पदर पसरून उभे राहत. त्यांचे झाले की मगच शेतकऱ्याची पायली चाले.

हिरण्यसेन वाईट राजा नव्हता. पण त्याला नेटकेपणाची भारी हौस, न मोजता दिलेले त्याच्या डोळ्यांत सलायचे. अशा राजांना मायावी माणसे बरोबर हुडकून काढतात. मायाधर नावाचा जादूगार दरबारात आला. त्याच्या हातात सोन्याचा तराजू होता.

जादूगार म्हणाला, “महाराज, सुपाने कुणाला मूठभर जास्त, कुणाला कमी. हा न्याय कसला? लाभाऐवजी सोनं द्या. एका पारड्यात सोनं, एका पारड्यात धान्य. ज्याला जे हवं ते तो विकत घेईल.”

राजाला पटले. दवंडी पिटली आणि लाभाची रीत मोडली.

तराजूला एक खोड होती, ती जादूगाराने सांगितली नाही. रोज पहाटे तराजू धान्याकडे झुकायचा. तेवढ्याच दाण्यांना कालच्यापेक्षा आज अधिक सोने लागायचे. ज्याच्याकडे धान्य होते तो म्हणाला, आज कशाला विकू? उद्या जास्त मिळेल. उद्याचा दिवस उजाडला, तेव्हाही तो तेच म्हणाला. लोकांनी जमिनीत पेवे खणली, धान्य ओतले, तोंडे लिंपून टाकली. राजानेही आपल्या कोठाराला कुलूप घातले. खजिना वाढला तर प्रजेचेच भले, असे त्याने मनाशी म्हटले. राज्यातले सर्वांत मोठे कोठार त्याचेच होते.

साळ्यांच्या आळीत चुली विझल्या. हातात सोने होते, पण त्या सोन्यात मूठभर ज्वारी येईना. त्या आळीत सगुणाई राहत होती. राजाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा सगुणाईने त्याला अंगावर पाजून वाढवले होते. ती अंथरुणाला खिळल्याचे राजाला कळले. तो पंचपक्वान्नांची ताटे घेऊन धावला.

सगुणाईने ताटावर हात आडवा धरला. “ने हे माघारी. माझ्या आळीत चूल पेटल्याशिवाय माझ्या तोंडात घास जायचा नाही.”

“आई, तू मरशील गं!”

“तू राजा आहेस ना? मग मला मरू देऊ नकोस.”

राजा उठला आणि रानात गेला. बांधावर चंडोल पक्षी बसला होता. चंडोल बोलला, “राजा, तीन वाटा आहेत. एक धान्याची, एक सोन्याची. तिसरी तुझ्या दारातून जाते.”

“तिसरी आधी सांग.”

“पहिल्या दोन चालल्याशिवाय ती तुला दिसायची नाही.”

राजा पहिल्या वाटेने गेला. डोंगरापलीकडे एका राक्षसिणीचे शेत होते, ते बारा महिने पिकलेले असायचे. राक्षसिणीने धान्याच्या बदल्यात त्याच्या आयुष्याचे एक वर्ष मागितले. त्याने दिले. बैलांचा तांडा भरून धान्य राजधानीत आले. राजा हर्षला. पण ज्यांची पेवे होती त्यांच्याकडे सोनेही होते. दिवस मावळायच्या आत त्यांनी दाणा न् दाणा विकत घेतला, पेवात लोटला आणि वर माती लिंपली. साळ्यांची आळी नुसती बघत राहिली.

राजा दुसऱ्या वाटेने गेला. वारुळात पुरलेल्या खजिन्यावर एक नाग बसला होता. नागाने खजिन्याच्या बदल्यात त्याच्या केसांचा काळा रंग मागितला. त्याने दिला. पांढऱ्या केसांनी राजा परतला आणि बिनशेतीच्या घराघरांत त्याने सोन्याने भरलेले हंडे वाटले. पहाट झाली. तराजू असा झुकला, असा झुकला, की हंडाभर सोन्याला ओंजळभरही धान्य येईना. शहाण्यासुरत्या राजाची ही गत, मग इतरांना काय बोल लावायचा?

राजा बांधावर येऊन रडला. चंडोल म्हणाला, “राज्यात धान्य कमी नव्हतंच. त्या तराजूचा शाप उद्यावर जगतो. ज्याचा साठा सर्वांत मोठा, त्याने उद्याची वाट पाहणं सोडलं की शाप मरतो. आपलं कोठार उघड. तराजू लावू नकोस. स्वतःच्या हातानं, मुक्यानं, लाभ घाल.”

राजा कोठारापाशी आला. दारात मायाधर उभा होता. “जरूर उघडा, महाराज. पण सैन्य काय खाईल? शत्रू आला तर? एक दिवस थांबा. उद्या भाव दुप्पट होईल, निम्म्या धान्यात सैन्याचीही सोय होईल, मग उरलेलं खुशाल वाटा.”

राजा थांबला. एकच दिवस, तो म्हणाला.

सकाळी निरोप आला. साळ्यांच्या आळीच्या टोकाला दोर वळणारा केरबा राहत असे. एकटा जीव. तो गेला होता. त्याच्या उशाशी सोन्याचा हंडा जसाच्या तसा होता.

राजाने मुकुट उतरवला, कोठाराचे कुलूप तोडले, धान्य खळ्यावर ओतले आणि सूप हाती घेतले. माणसे पदर पसरून आली. मायाधर त्याच्या कानाशी लागला. “महाराज, आजचा दिवस फक्त. उद्या तिप्पट. उद्या चौपट.” राजा बोलला नाही. मापाच्या वेळी बोलायचे नसते. सुपामागून सूप पदरात पडत गेले. जादूगाराचा आवाज बारीक झाला, मग त्याची सावली गेली, मग तो स्वतः गेला. खळ्याच्या कडेला नुसता तराजू उरला. तो पाहता पाहता गवताच्या काड्यांचा झाला आणि वाऱ्याने विस्कटला.

उद्या भाव चढणार नाही, हे पेववाल्यांना कळले. मग प्रत्येकाला घाई. आधी माझे घ्या, आधी माझे घ्या! गावोगाव पेवे उघडली आणि धान्य रस्त्यावर आले.

राजा पेजेची वाटी घेऊन सगुणाईकडे गेला. ती म्हणाली, “मला दारात ने.”

त्याने तिला उचलून दारात बसवले. किती हलकी झाली होती! तिने आळीवरून नजर फिरवली. घराघरातून धूर निघत होता. टोकाच्या घरातून निघत नव्हता.

“केरबाची चूल का पेटली नाही?”

राजा म्हणाला, “मी एक दिवस थांबलो, आई.”

सगुणाईने टोकाच्या बंद दाराकडे पाहिले. मग तिने वाटी तोंडाला लावली, पेज प्यायली आणि वाटी त्याच्या हाती परत दिली. “मी जगेन,” ती म्हणाली. “पण हे मी तुला माफ करणार नाही. माफ करणं ज्याच्या हाती होतं तो गेला.”

त्या वर्षापासून लाभाची रीत पुन्हा चालू झाली. राज्यात उपाशी कुणी निजले नाही. शत्रू आला नाही, आणि आला असता तरी भरल्या पोटाची प्रजा त्याला पुरून उरली असती. दर सुगीला राजा स्वतः सूप धरी. शेवटचा पदर भरला की तो आणखी एक सूप उचली, आळीच्या टोकाला जाई आणि बंद दारासमोर ते रिकामे करी. पाखरे येऊन ते दाणे टिपीत. पाखरे उडून जाईपर्यंत राजा तिथेच उन्हात उभा राही.

त्या राज्याचे खळे भरले, तसे तुमचे-आमचे भरो. भरले की सूप मात्र त्याच दिवशी उचलावे.